रेघांची वही: चौकटींच्या पुढे

काळज्यांनी भरलेलं डोकं शांत व्हावं म्हणून सुरू केलेला, लहान चौकटींत रेघा भरण्याचा सराव चालूच आहे. साहित्य बदललेलं नाही: ए-५ आकाराची जाड कागदाची वही, ०.३ मिमी टोकाचा वॉटरप्रूफ शाईचा पेन आणि पेन्सिलीने आखलेल्या लहान चौकटी. पहिल्या चौकटीत एकाच दिशेच्या समांतर रेघा, दुसरीत त्यांच्यावर तिरका थर, तिसरीत आणखी एक. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या सगळ्या छटा रेघांच्या दाटीतून काढायच्या, पेन दाबून नाही.

आता हात बसायला लागलाय. लांब रेघ नुसत्या मनगटातून ओढली की कमानीसारखी वाकते. कोपरापासून हात सरकवला की सरळ जाते. दोन थरांमध्ये काटकोन ठेवला तर जाळी डोळ्यात भरते. कोन तीसेक अंशांवर आणला की छटा मऊ होते. खालचा थर वाळू द्यायचा, नाहीतर शाई फरफटते. हे थांबणं मला सगळ्यात जड जातं, आणि बहुधा म्हणूनच उपयोगी पडतं.

डोक्यात दळण सुरू झालं की ते आधी रेघेच्या टोकाला दिसतं. पेन उचलण्याआधीच हात पुढच्या रेघेकडे धावतो आणि शेवटी हुकासारखा बारीकसा आकडा उमटतो. एका चौकटीत असे आकडे वाढले की मी वेग कमी करते, प्रत्येक रेघेनंतर पेन पूर्ण उचलते. 'मन शांत कर' हे स्वतःला सांगून कधी जमलं नाही. 'पेन उचल' हे जमतं.

'मनाला येईल ते काढ, मोकळं वाटेल' हा सल्ला मला मानवत नाही. कोरा कागद समोर आला की काय काढू, कुठून सुरू करू, चांगलं दिसेल का, म्हणजे काळजीला आयतं खाद्यच. नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. आधी विद्यार्थ्यांची चिंता मुद्दाम वाढवली, मग काहींना मंडल (गोलाकार नक्षी), काहींना चौकड्यांची नक्षी आणि काहींना कोरा कागद रंगवायला दिला. मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. मंडलाभोवती उगाच गूढ वलय उभं करणाऱ्यांनी साध्या चौकड्यांकडेही बघावं!

वहीचं शेवटचं पान काळज्यांसाठी राखून ठेवलंय. रेघा ओढताना एखादी टोचायला लागली की दोन-तीन शब्दांत तिथे टिपते आणि परत चौकटीकडे वळते. त्या यादीकडे बघायचं ते संध्याकाळच्या ठरलेल्या अर्ध्या तासात. ही युक्ती माझी नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्येच रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी काळजी करण्याची पद्धत मांडली होती. संध्याकाळपर्यंत निम्म्या नोंदी शिळ्या वाटतात. ज्या वाटत नाहीत, त्यांच्यापुढे उद्या करायचं एक काम लिहिते: फोन, चौकशी, कागदपत्र. झोपच उडाली किंवा रोजची कामं अडायला लागली, तर मात्र वहीवर भागवू नये, समुपदेशकाला गाठावं.

पुढचा टप्पा वक्र रेघांचा. गोलावर आकारासोबत वळणाऱ्या रेघा हव्यात, त्यामुळे तीस अंशांचा हिशोब तिथे चालणार नाही. आधी गोल, मग दंडगोल. फुलं-पानं इतक्यात नाहीत.