तेरा स्क्रू, चार स्क्रू

टोकियोच्या ओचानोमिझु स्टेशनातून पुलाच्या बाजूने बाहेर पडलं की समोरच उतार लागतो. मेइजी विद्यापीठावरून खाली सुरुगादाईशिताच्या चौकापर्यंत जाणारा हा रस्ता म्हणजे मेइदाई-दोरी. चालत दहा मिनिटांचा. पहिल्या दिवशी मी साडेपाच तास चाललो आणि तरी खालचा चौक काही आला नाही. दोन्ही बाजूंना गिटारींची दुकानं. मला हवा होता एक जुना बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. तळमजल्यावर नवा माल, आणि अरुंद जिन्याने जितकं वर जावं तितका माल जुना होत जातो.

उताराच्या तळाशी जिम्बोचो, म्हणजे जुन्या पुस्तकांची पेठ. बायकोने सरळ तिकडचा रस्ता धरला. जाताना एवढंच म्हणाली, "घेण्याआधी फोन कर. घरातल्या दोन बेसांनी काय पाप केलंय ते तरी कळू दे."

पाप एकाने केलं होतं, पण ते त्या बिचाऱ्याचं नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी फेंडर कंपनीचा '१९६६ चा अमेरिकन प्रिसिजन बेस' घेतला. पिकगार्ड, म्हणजे तारांखालची प्लॅस्टिकची पाटी, उघडून पाहायची अक्कल पैसे दिल्यानंतर आली. आतल्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर आकडे होते, १३७ ७२ ४१. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ असते तर स्टॅकपोल. पुढचे वर्षाचे, शेवटचे आठवड्याचे. म्हणजे पॉट १९७२ च्या एकेचाळिसाव्या आठवड्यातला. विक्रेता म्हणाला, मधे कधीतरी बदलला असेल. असेलही. मग नेक, म्हणजे बेसची लांब मान, काढली. फेंडरच्या कारखान्यात १९६२ पर्यंत नेकच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, पेन्सिलीने तारीख लिहीत, त्यानंतर शाईचा शिक्का मारू लागले. माझ्या नेकच्या टाचेवर दोन्ही नव्हतं. लाकूड पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केलेलं होतं. बदललेला पॉट मी समजू शकतो. घासलेल्या टाचेला काय म्हणायचं?

त्या खरेदीने मला दोन गोष्टी शिकवल्या. पॉट फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतो. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा साठा घेऊन ठेवला की ६६ चे आकडे पुढची काही वर्षं निघालेल्या गिटारींतही सापडतात. आणि दुसरी म्हणजे वायरी जोडलेला डाख आधी बघायचा. जुना डाख मंद, राखाडी दिसतो. लखलखीत असेल तर तिथे कोणाचा तरी हात फिरलाय.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दुकानात काचेआड साठच्या दशकातला एक जॅझ बेस होता. पाटीवर रंग लेक प्लॅसिड ब्लू. समोर उभं राहिल्यावर तो चक्क हिरवा दिसतो! पिकगार्डची कड जिथे थोडी सरकली होती, तिथे केसाएवढ्या पट्टीत मूळ निळा शिल्लक होता. कारण साधं आहे. वरचा नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पारदर्शक थर वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो, आणि निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं. थंडी-उन्हाने आडव्या बारीक भेगाही पडल्या होत्या, जुन्या चिनी मातीच्या बशीवर पडतात तशा. किंमत मी वाचली आणि दोन पावलं मागे सरकलो. काचेला नाक लागू नये म्हणून.

मला हवा होता तो अमेरिकन नव्हताच. मी 'जेव्ही' नंबरच्या मागे होतो.

त्याची गोष्ट अशी. १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली. सत्तरच्या दशकात अमेरिकन माल घसरत गेला आणि जपानी कारखाने जुन्या फेंडर-गिब्सनच्या हुबेहूब नकला काढू लागले. त्या इतक्या चांगल्या निघाल्या की मूळ कंपन्यांची झोप उडाली. गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉरलिनने, १९७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या कोर्टात आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकन वितरकावर दावा ठोकला. भांडण मुख्यतः हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या चाव्या असलेल्या टोकाच्या, आकाराचं होतं, आणि ते कोर्टाबाहेर मिटलं. एक दावा, एक प्रतिवादी. तरी आज सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी नक्कल 'लॉसूट (दाव्यातली) गिटार' म्हणून चढ्या भावाने विकली जाते. ज्या ब्रँडला आयुष्यात नोटीसही आली नाही, तोसुद्धा! हा शब्द जाहिरातीत दिसला की मी पुढे वाचत नाही.

फेंडरने वेगळी वाट धरली. १९८२ मध्ये यामानो गाक्की आणि कांदा शोकाई या दोन जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून फेंडर जपान काढली. गंमत म्हणजे ग्रेको या नावाने नकला विकणारी कंपनी कांदा शोकाईच. काम मिळालं मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्याला. पहिल्या दोनेक वर्षांतल्या मालाचे नंबर 'जेव्ही'ने सुरू होतात. मॉडेलचं नावही सरळसोट: आधी कुठल्या सालची प्रतिकृती ते, मग हजार येनमध्ये किंमत. एसटी६२-११५ म्हणजे ६२ च्या स्ट्रॅटोकास्टरची प्रतिकृती, एक लाख पंधरा हजार येन. एवढा प्रामाणिक मॉडेल नंबर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी शिंजुकूहून 'आझुसा' गाडी पकडून मात्सुमोतोला गेलो. अडीच तासांच्या आसपासचा प्रवास. डोंगर जवळ येतात तशी हवा कोरडी होत जाते आणि ओठ फुटायला लागतात. लाकूड वाळवायला अशीच हवा लागते. काळा किल्ला पाहिला, सुंदर आहे, बाकीचं बायकोच्या फोटोंत आहे. व्हायोलिन शिकवण्याची सुझुकी पद्धत जगभर गेली तीही याच गावातून. फुजीगेन १९६० पासून इथे आहे आणि तिच्या नावातल्या 'गेन'चा अर्थच तार. पण मला जास्त भावली ती मात्सुमोकू. लाकूडकाम करणारी ही कंपनी आधी सिंगरच्या शिवणयंत्रांची कॅबिनेटं बनवायची. मग त्याच हातांनी आरिया प्रो टूच्या गिटारी आणि बेस बनवले. १९८७ मध्ये ती बंद झाली.

तिचं एक लेकरू मला गावातल्या सेकंडहँड दुकानात भेटलं. तिथे 'जंक' नावाचा कोपरा असतो, म्हणजे जसं आहे तसं घ्या, तक्रार ऐकणार नाही. निळ्या क्रेटमधल्या वायरींच्या गुंत्याशेजारी भिंतीला टेकून आरियाचा एसबी मालिकेतला बेस उभा होता. मेपल आणि वॉलनटच्या पट्ट्या जोडून केलेली नेक, हेडस्टॉकपासून बॉडीच्या शेपटीपर्यंत आरपार. मी तो उचलून बंदुकीसारखा डोळ्याला लावला. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, एका रेषेत दिसायला हवेत; ते पाचव्यापासून एका अंगाला वळत होते. नेकला पीळ पडला होता. स्क्रूने बसवलेली नेक बदलता येते, आरपार नेकचं काय करणार? पाच मिनिटं तसाच धरून उभा राहिलो. बायको म्हणाली, "ठेव आता, लोक बघतायत."

तिसऱ्या दिवशी परत उतारावर. पुस्तकांची पेठ वाचून संपली होती, त्यामुळे बायकोही सोबत. एका चिंचोळ्या जिन्याच्या टोकाला तो होता: पीबी६२, म्हणजे ६२ च्या प्रिसिजन बेसची प्रतिकृती, सनबर्स्ट रंगाचा, नंबर जेव्हीने सुरू. इथल्या दुकानांत वाद्याला आपण हात लावायचा नाही, वाजवून बघायचंय म्हणून सांगायचं. मग विक्रेता तार पुसतो, ट्यून करतो, स्टूल देतो आणि दोन्ही हातांनी बेस आपल्या हातात ठेवतो. पाळण्यातून मूल द्यावं तसा.

गळ्यातलं कार्ड मी आधी वाचलं, म्हणजे फोनने वाचून दाखवलं. वजन ३.९ किलो. फ्रेट साधारण दहातले सात हिस्से शिल्लक. ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला, अजून वाव आहे. चावीचा एक स्क्रू बदललेला. टोनचा पॉट बदललेला. पाठीवर पट्ट्याच्या बकलाच्या खुणा. कुठेच 'दुर्मीळ' नाही, 'मस्त आवाज' नाही. दाढीसारखी नीट कोरलेली दोषांची यादी.

पिकगार्ड उघडाल का, असं विचारलं. त्याने तारा सैल केल्या आणि तेराही स्क्रू काढून, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने चुंबकाच्या बशीत मांडले. व्हॉल्यूमच्या पॉटवरचा डाख राखाडी. टोनच्या पॉटवरचा चमकदार. कार्डावर लिहिलं होतं अगदी तसंच. नेकही काढा म्हटल्यावर मात्र त्याने मान हलवली. लाकडातली भोकं दर खेपेला थोडी थोडी ढिली होतात, म्हणाला. मला पटलं. खोटं बोलणारा माणूस आधी तेरा स्क्रू काढत बसत नाही.

मग वाजवला. खालच्या ई तारेवर अंगठा ठेवला तेव्हा आधी आवाज कानाला नाही, मांडीला कळला. बायकोने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "फोन करायची गरज नाहीये, मी इथेच आहे. घे."

राहिला कागदांचा घोर. २०१७ च्या सुरुवातीपासून शिसवीच्या सगळ्या जातींच्या लाकडावर साइट्सचे, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, निर्बंध आले आणि जरा शिसवी लागलेली गिटारसुद्धा सीमेवर अडकू लागली. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन शिसवी मात्र १९९२ पासून कडक यादीत आहे ती आहेच. माझ्या बेसच्या फिंगरबोर्डचं, म्हणजे नेकवरच्या बोटं ठेवायच्या पट्टीचं, लाकूड ते नाही, असं दुकानाने पावतीवर लिहून दिलं.

अख्खा बेस विमानाच्या पोटात टाकायची माझी छाती नव्हती. रात्री हॉटेलात पलंगावर टॉवेल अंथरला, तारा काढल्या आणि नेकचे चार स्क्रू फिरवले. दोन्ही तुकडे कपड्यांत गुंडाळले की मोठ्या सुटकेसमध्ये बसतात. नेक सुटली. टाचेवरचा शिक्का फिकट होता, पण होता. आणि बॉडीत नेक बसते त्या खाचेत, ब्रिजकडच्या (तारांच्या खालच्या टेकूकडच्या) कडेला, जाड कागदाचा नखाएवढा तुकडा. कोणीतरी व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा कापून नेकखाली सारला होता. त्यावर एका कांजीचा, म्हणजे जपानी चित्राक्षराचा, अर्धा भाग.

"हे कार्डावर नव्हतं," मी म्हणालो.

"मग? परत करायचा?"

तुकडा पासपोर्टच्या कव्हरात ठेवला. घरी येऊन बेस जोडताना आधी तो न घालताच जोडला. ब्रिजचे सॅडल, म्हणजे तारेखालचे छोटे टेकू, तळाला टेकले तरी तार बाराव्या फ्रेटवर उंचच राहिली. परत सगळं सैल केलं, चार स्क्रू काढले आणि कोपरा होता तिथे ठेवला, अक्षराची बाजू वर.