चिलटांची यादी आधी द्या म्हणे!

दहिसर नदीतल्या न चावणाऱ्या चिलटांचा, म्हणजे कायरोनोमिडी कुळाचा सर्व्हे करायचा होता. वर तुळशी तलावाच्या बाजूचं नॅशनल पार्कातलं स्वच्छ पाणी, खाली वस्त्या आणि तबेल्यांचं सांडपाणी, तर वरून खाली येताना चिलटं कशी बदलतात ते बघायचं. चाळणी, ट्रे, बाटल्या सगळं पटकन जमलं.

अडलं ते परवानगीच्या फॉर्मवर. पार्कातून किडा उचलायचा तरी परवानगी लागते, ते बरोबरच आहे, पण कागद जिथून पुढे फॉरवर्ड होणार त्या ऑफिसात (नाव घेत नाही) रकाना होता 'जातीचे नाव व नमुन्यांची संख्या'. अहो, कुठल्या जाती आहेत हेच तर शोधायचंय!

"मॅडम, रकाना रिकामा चालत नाही. डास आहेत का?"
"नाही, ही चावत नाहीत."
"मग त्रास काय त्यांचा तुम्हाला?"

फाइल 'वरती' गेली, म्हणजे शेजारच्या टेबलावर, आणि ते साहेब रजेवर. इकडे पाऊस संपून पाणी उतरलेलं, नेमका हाच सीझन, कारण पुरात गाळासकट अळ्या वाहून जातात, आणि मी बाकड्यावर बसून पंखा बघतेय. साहेब आले तर म्हणे इनवर्ड नंबर कुठाय! तो घेतल्याशिवाय काउंटर सोडूच नका. शेवटी रकान्यात कुळ, त्याखाली कायरोनोमिनी, ऑर्थोक्लॅडिनी, टॅनिपोडिनी ही उपकुळं, प्रत्येकापुढे 'कमाल ५०' आणि शेरा, 'जाती मायक्रोस्कोपखाली ओळखून कळवण्यात येतील'. झाली सही! पहिल्याच दिवशी असंच लिहा.

खाली काळ्या गाळात लालभडक अळ्या मिळाल्या, मासे पाळणारे ज्यांना ब्लडवर्म म्हणतात त्याच. हिमोग्लोबिन असतं म्हणून ऑक्सिजन कमी असला तरी तग धरतात. वर दगडांवर बारीक, फिकट अळ्या. गाळ उपसायचा कंटाळा असेल तर काठाला फेस साचतो तिथे चाळणी फिरवा, चिलट उडून गेल्यावर कोषाची रिकामी कातडी तरंगत राहते, तिच्यावरूनही बरीच ओळख पटते. अळीचं मात्र डोकं कापून १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवायचं आणि स्लाइडवर पोटाकडची बाजू वर, नाहीतर तोंडाखालची दातेरी पट्टी दिसतच नाही आणि सगळी ओळख तिच्यावर.

आणि हो, फॉर्मला नदीचा नकाशा जोडा, ठिकाणं पेनाने मार्क करून. माझ्यासमोर एकाला तेवढ्यासाठी परत पाठवला.