मर्फीचा गुडघा

गुडघ्यातली लिगामेंट तुटते तेव्हा आवाज होतो. ओली काडी मोडावी तसा, आतल्या आत. माझी तुटली तेव्हा मी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत चढाईला गेले होते. मध्यरेषेकडे परत वळताना डावा पाय मातीत रुतला आणि बाकीची मी वळले. म्हणून 10 एप्रिल 2016 च्या रविवारी, मेलबर्नच्या डॉकलँड्स स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्यात रॉबर्ट मर्फी खाली पडला आणि उठेना, तेव्हा सगळे चेंडूकडे बघत होते आणि मी त्याच्या पायाकडे. मी नवऱ्याला म्हणाले, "गेला." तो म्हणाला, "अगं, अजून वेळ आहे, सामना गेलेला नाही." मी सामन्याबद्दल बोलतच नव्हते.

सामनाही गेला, हॉथॉर्नने तो तीन पॉइंटनी जिंकला. पण स्टेडियमबाहेर पडताना कोणी स्कोअरबद्दल बोलत नव्हतं. मर्फी आमचा कॅप्टन, वय 33, सगळी कारकीर्द वेस्टर्न बुलडॉग्ज या एकाच क्लबात घातलेला. गुडघ्याच्या अशाच दुखापतीतून तो 2006 मध्येही गेला होता. 2016 मध्ये संघाने पहिले दोन सामने धो धो फरकाने जिंकले होते आणि बऱ्याच वर्षांनी आमच्या भागात लोक मोठ्याने स्वप्नं बघायला लागले होते. तिसऱ्याच आठवड्यात कॅप्टन गेला, तोही सबंध सीझनसाठी.

फूटी, म्हणजे हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेला गोल सहा पॉइंटचा, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. मैदानावर अठरा, बाकावर तेव्हा चार. चेंडू फेकायचा नाही, मुठीने ठोसून द्यायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला की मार्क. आणि चेंडू हातात असलेल्याला धरून पाडायचं, तो टॅकल. मी पहिल्यांदा टॅकल बघितला तेव्हाच या खेळाची झाले. ही तर पकड! कंबर धरायची, हात आवळायचे, समोरच्याचं वजन त्याच्याच पायांवरून काढून घ्यायचं. इतक्या लांब येऊन कोणीतरी माझ्या भाषेत बोललं असं वाटलं.

आम्ही वेस्ट फुट्सक्रेला राहतो. बुलडॉग्जचं मूळ नाव फुट्सक्रे, आणि त्यांचं जुनं घर, व्हिटन ओव्हल, आमच्यापासून चालत जाण्यासारखं. शेजारच्या आजींनी मला हा क्लब समजावून सांगितला. 1925 मध्ये मोठ्या लीगमध्ये प्रवेश, 1954 मध्ये पहिली प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, आणि त्यानंतर काही नाही. 1989 मध्ये तर कर्जापायी क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करायचं ठरूनसुद्धा गेलं होतं. आयरीन चॅटफील्ड नावाची एक साधी पाठीराखी कोर्टात गेली, लोकांनी डबे हलवत दारोदार पैसे जमवले आणि क्लब वाचवला. आजींनी स्वतः दुकानाबाहेर उभं राहून डबा हलवला होता. हे सांगताना त्यांचा हात अजूनही तसा हलतो. हा भाग कामगारांचा, बाहेरून आलेल्यांचा. आधी इटालियन, ग्रीक, मग व्हिएतनामी, मग आम्ही. बार्कली स्ट्रीटवरच्या आपल्या लोकांच्या दुकानांच्या काचांवर 2016 च्या सप्टेंबरात लाल-पांढरे-निळे फुगे लागले होते.

आता संघाबद्दल सांगते, कारण त्या वर्षीचा संघ बघताना माझा जीव भरून यायचा.

इथे दरवर्षी ड्राफ्ट होतो, क्लब पाळीपाळीने तरुण मुलं निवडतात. ज्यांना कोणी निवडत नाही त्यांतले काही रुकी लिस्टवर घेतले जातात, म्हणजे उंबरठ्यावर उभे. आमच्या संघातले मॅथ्यू बॉइड, डेल मॉरिस, लियम पिकन आणि जेसन जोहानिसन हे चौघेही रुकी लिस्टवरून आलेले. ड्राफ्टमध्ये कोणालाच नको असलेले चौघे, ज्यांच्यावाचून पुढे क्लबाचं पान हलेना. केलेब डॅनियल तर 168 सेंटिमीटरचा, डोक्याला हेल्मेट, दोन-दोन मीटरच्या माणसांच्या घोळक्यात शिरायचा आणि चेंडू घेऊन बाहेर यायचा. कबड्डीत अशा बुटक्या चढाईपटूची फार भीती असते, कारण त्याला धरायला वाकावं लागतं आणि वाकलं की तोल जातो. मला त्याच्या पावलांवरून नजर काढवत नसे.

दुसऱ्या टोकाला मार्कस बॉन्टेम्पेली. वय अवघं 20, उंचपुरा, आणि धावताना घाई अशी कधी दिसायचीच नाही. आणि टॉम बॉइड, 2013 च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. 2014 च्या अखेरीला आमचा तेव्हाचा कॅप्टन रायन ग्रिफन ग्रेटर वेस्टर्न सिडनीला निघून गेला आणि त्या अदलाबदलीत बॉइड आमच्याकडे आला. सात वर्षांचा मोठा करार झाला. एकोणीस वर्षांच्या पोरावर पेपरवाल्यांनी त्या पैशाचं ओझं आठवडोन् आठवडे टाकलं. चुकला की आकडा, पडला की आकडा. मला फार राग यायचा. आपल्या घरातला मुलगा असता तर आपण त्याला असं मोजलं असतं का?

या सगळ्यांना बांधणारा कोच ल्यूक बेव्हरिज. स्वतः याच क्लबाकडून खेळलेला. त्याच्या संघाची ओळख म्हणजे हँडबॉल. गर्दीतून गर्दीत, मुठीवरून मुठीवर चेंडू जायचा. कोणी एकटा पडला आहे असं दिसायचंच नाही.

आणि सीझनभर दुखापती. मर्फीनंतर एकेक जण जात राहिला. अठराव्या फेरीत सेंट किल्डाविरुद्ध मिच वॉलिसचा पाय मोडला, अगदी दोन्ही हाडं. त्याच सामन्यात जॅक रेडपाथचा गुडघा गेला. त्या रात्री मी टीव्ही बंद केला आणि ओट्यापाशी उभी राहिले, जेवण सुचलं नाही. वॉलिसचे वडील याच क्लबाकडून खेळलेले, बाप-लेकाच्या नियमाने तो इथे आलेला. टॉम लिबरेटोरेही तसाच. ही मुलं या गवतावरच वाढलेली आहेत.

बावीस सामन्यांत पंधरा विजय, सात पराभव, अठरा संघांत सातवा नंबर. फायनल्सना, म्हणजे बाद फेरीला, तेव्हा पहिले आठ जायचे, पण सातव्याला चारही सामने जिंकावे लागायचे आणि एकही हरून चालायचं नाही. सातव्या नंबरवरून तोवर कोणीही प्रीमियरशिप जिंकली नव्हती. नेमकं त्याच वर्षी फायनल्सच्या आधी सगळ्यांना एक आठवडा मोकळा द्यायला सुरुवात झाली होती. त्या आठवड्याने आमचं नशीब फिरवलं असं मी आजही मानते. जॅक मॅक्रे, लिबरेटोरे, ईस्टन वुड परत उभे राहिले. वुड आता मर्फीच्या जागी कॅप्टन होता.

पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला 47 पॉइंटनी हरवलं. त्या सामन्यात लिन जाँगचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याचे वडील पूर्व तिमोरचे, आई तैवानची, आमच्या मुलांचा तो फार लाडका. मग तीन वर्षं लागोपाठ जिंकलेलं हॉथॉर्न, मागे पडून 107-84. मग सिडनीला जाऊन ग्रेटर वेस्टर्न सिडनी, 89-83. क्ले स्मिथने त्यात चार गोल केले. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन तीनदा झालेलं आहे. मी एकदाच त्यातून गेले आणि परत मैदानात उतरायचं धैर्य झालं नाही. तीनदा! त्याचा चौथा गोल झाला तेव्हा मी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसले होते आणि माझा डावा गुडघा दोन्ही हातांनी धरलेला होता, हे मला नवऱ्याने दाखवल्यावर कळलं.

1 ऑक्टोबर 2016, ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना. एमसीजीवर 99,981 माणसं, समोर लॅडरमध्ये, म्हणजे गुणतक्त्यात, पहिली आलेली सिडनी स्वान्स. आमच्या हॉलमध्ये चौदा जण, आजी मधल्या खुर्चीत. अर्ध्या वेळेला फरक दोनच पॉइंटचा, तिसऱ्या क्वार्टरनंतर आम्ही आठने पुढे. जोहानिसनचा शेवटच्या क्वार्टरमधला एक गोल रिव्ह्यूमध्ये रद्द झाला तेव्हा आजी एवढंच म्हणाल्या की आम्हाला सवय आहे.

मग ती पकड. फरक दोन गोलांचाही नव्हता. स्वान्सचा बडी फ्रँकलिन, जवळजवळ दोन मीटरचा धिप्पाड माणूस, चेंडू घेऊन निघाला. डेल मॉरिसने त्याला गाठलं. मी ते नंतर कितीदा तरी थांबवून थांबवून बघितलं आहे. मॉरिस अंगावर उडी घेत नाही. त्याच्या धावेत आपली धाव मिसळतो आणि हात आवळतो, आणि फ्रँकलिनचा हात चेंडूवरून सुटतो. चेंडू टॉम बॉइडच्या पुढ्यात. त्याने उचलला आणि साठेक मीटरवरून मारला. गोलाच्या तोंडाशी कोणी नव्हतं. चेंडू पडला, टप्पे खात राहिला, आणि लंबगोल चेंडू कुठे वळेल सांगता येत नाही, आमच्या हॉलमध्ये कोणी श्वास घेत नव्हतं. आत गेला. ज्या पोराला दोन वर्षं पैशात मोजलं, त्याचा तो दिवसातला तिसरा गोल. आणि मॉरिस ती फायनल्स मणक्याला फ्रॅक्चर असताना खेळला होता, हे नंतर कळलं.

89-67. बासष्ट वर्षांनी. आजी उठल्या नाहीत, त्यांनी फक्त माझा हात घट्ट धरला.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. इथे तेव्हा प्रीमियरशिपचं पदक ग्रँड फायनलला मैदानात उतरलेल्या बावीस जणांनाच मिळायचं. मर्फीला नाही, वॉलिसला नाही, रेडपाथला नाही, जाँगला नाही. सीझनभर राबलेल्यांना नाही. मला हे मुळीच पटत नाही. माझा पाय प्लॅस्टरमध्ये असताना आमचा कॉलेजचा संघ अंतिम सामना जिंकला. त्याआधीच्या सगळ्या सामन्यांत मी खेळले होते. प्रशस्तिपत्रं वाटली गेली, माझं नाव नव्हतं. मी विचारलं तर आयोजकांपैकी एक जण म्हणाले, "अंतिम सामन्याची यादी आहे ही." मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, पण ते वाक्य इतक्या वर्षांत पुसलं गेलेलं नाही.

म्हणून पुढे जे झालं त्यासाठी मी तयार नव्हते. विजेत्या कोचला जॉक मॅकहेल पदक देतात. ते बेव्हरिजच्या गळ्यात पडलं आणि त्याने माइकवरून मर्फीला वर बोलावलं. मर्फी पायऱ्या चढून आला. बेव्हरिजने स्वतःच्या गळ्यातलं पदक काढलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. मी तेव्हा रडले ते बुलडॉग्जसाठी नाही. मला त्या प्लॅस्टरमधल्या मुलीची आठवण झाली, आणि वाटलं, कोणीतरी यादी बघितली आणि म्हणालं, ही अपुरी आहे.

दुसऱ्या दिवशी व्हिटन ओव्हलवर हजारो माणसं लोटली. आजींना आम्ही घेऊन गेलो, गर्दीत कोणीतरी त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. त्याच्या आदल्या रविवारी क्लबाच्या दुसऱ्या फळीनेही राज्य लीग जिंकली होती, म्हणजे आठवड्यात दोन कप. माझ्या धाकट्याने शाळेच्या वहीत संघाची यादी लिहिली होती आणि बावीस नावांखाली मी सांगितल्यावर आणखी नावं लिहिली. रेडपाथचं स्पेलिंग त्याने मला तीनदा विचारलं.

मर्फी 34 व्या वर्षी तो गुडघा घेऊन परत आला. 2017 चा सबंध सीझन संघाला आदल्या वर्षासारखा गेला नाही, फायनल्सही हुकल्या, पण तो खेळला. 312 सामने, त्यांत एकही ग्रँड फायनल नाही. त्याचा शेवटचा सामना ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी, पुन्हा डॉकलँड्सला, पुन्हा हॉथॉर्नविरुद्ध. त्या रात्री मॅथ्यू बॉइडही निवृत्त होत होता, समोरून ल्यूक हॉजही हॉथॉर्नकडून शेवटचा सामना खेळत होता. लोक तिघांसाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी चेंडू फारसा बघितलाच नाही. मर्फी दर वेळी मार्क घ्यायला उडी मारायचा आणि मी त्याचा पाय जमिनीला कसा टेकतो ते बघत राहायचे.