मुरमावरची जिप्सी आणि तुटलेला पाटा

गाडीच्या मागच्या डाव्या पाट्याचा, म्हणजे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, तुटलेला तुकडा मी अजून जपून ठेवला आहे. मधोमध असलेल्या सेंटर बोल्टच्या भोकाशी तो तुटला. तुटीच्या पृष्ठभागावर भोकाच्या एका कडेला नखाएवढी काळपट, गंजलेली चंद्रकोर दिसते आणि उरलेला सगळा भाग ताज्या पोलादासारखा दाणेदार, चमकणारा आहे. काळी कोर म्हणजे कित्येक दिवस आतल्या आत वाढत गेलेली चीर, आणि चमकणारा भाग म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या एका हौशी रॅलीच्या तिसऱ्या स्टेजमध्ये (वेळ मोजला जाणाऱ्या टप्प्यात), एका नाल्याच्या उतारावर, एकाच दणक्यात जे तुटले ते. गाडी दोराने ओढून आणावी लागली आणि आमची पहिली रॅली तिथेच संपली.

गाडी मारुती जिप्सी, १२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (इंधन फवारणारे) इंजिन असलेली, कारखान्यातून सुमारे ८० अश्वशक्ती घेऊन आलेली. १९८५ साली जिप्सी प्रथम बाजारात आली तेव्हा तिचे इंजिन ९७० सीसीचे होते. मोठे इंजिन १९९६ मध्ये आले. हरी सिंग यांच्यासारख्या राष्ट्रीय विजेत्यांनी जिप्सीवर गाजवलेल्या रॅलींविषयी वाचत मी मोठा झालो, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा विचार मनात आलाच नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही ती योग्य होती, कारण शिडीसारखी भक्कम चेसी, पुढे-मागे दोन्ही चाकांना जोडणारे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही चाकांवर पाटे अशी तिची रचना गावातल्या मिस्त्रीलाही समजते आणि दुरुस्त करता येते.

पैसे मोजकेच होते आणि त्यांतला पहिला वाटा रोलकेजकडे, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपांच्या पिंजऱ्याकडे, गेला. इथे तडजोड करायची नाही हे आधीच ठरले होते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मुख्य कमानीसाठी जोड नसलेला कोल्ड ड्रॉन पोलादी पाइप, ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ मिलिमीटर जाडीचा, किंवा ५० मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा लागतो. आम्ही पहिला घेतला. सीट, पट्टे, हेल्मेट आणि अग्निशामक यांचा खर्च झाल्यावर जे उरले त्यात एकच मोठे काम होण्यासारखे होते, आणि भेटेल तो इंजिनाविषयी बोलत होता: मोठे इंजिन बसवा, कॅम बदला, एक्झॉस्ट मोकळा करा. मी इंजिनाला हात लावला नाही. मुरमावर, खडीवर वेळ जातो तो चाक जमीन सोडून हवेत असते तेव्हा. त्या क्षणी ८० अश्वशक्ती असली काय आणि १२० असली काय, गाडीला तिचा उपयोग नसतो. हे माझे मत तेव्हाही होते आणि आज अधिक पक्के आहे.

पाटा मात्र माझ्याच हलगर्जीपणाने तुटला. गाडी गॅरेजमध्ये आणल्यावर मिस्त्रीकाकांनी तुकडा हातात घेण्याआधीच विचारले, “पाटे खोलून बसवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले होते का?” पाटे जागेवर बांधून ठेवणारे हे यू आकाराचे बोल्ट मी आवळले नव्हते. पाटे खोलून साफ करून, नवे बुश घालून बसवले की पहिल्या शे-दोनशे किलोमीटरांत ते एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्टचा ताण कमी होतो. बोल्ट घट्ट असतात तोवर भोकाभोवतीचा भाग अ‍ॅक्सलच्या बैठकीवर दाबून धरलेला राहतो आणि वाकत नाही. ते ढिले पडले की सगळे वाकणे नेमके भोकाशी, म्हणजे पाट्याच्या सर्वांत कमकुवत जागी येते. आम्ही तसेच तीनशे किलोमीटर फिरलो होतो.

त्यानंतरचे चार महिने आम्ही फक्त सस्पेन्शनवर, म्हणजे पाटे आणि शॉक यांवर, काम केले. सिन्नरजवळ मामांच्या शेताकडे जाणारा पावणेदोन किलोमीटरचा मुरमाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना विचारून, त्या वेळी रस्त्यावर गुरे-माणसे नसतील अशी खात्री करून आणि दोन्ही टोकांना माणूस उभा करून आम्ही पहाटे चाचण्या घ्यायचो. नियम एकच होता: एका वेळी एकच बदल, तीन फेऱ्या, आणि तिन्ही वेळा वहीत. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा वरचा पत्रा काढून दांड्यावर रबराची एक बारीक रिंग चढवली होती. फेरी संपल्यावर ती कुठे सरकली आहे ते पाहिले की चाक किती वर आले होते ते मिलिमीटरमध्ये कळायचे. पहिल्याच दिवशी मागच्या दोन्ही रिंगा पार टोकाला जाऊन बसलेल्या दिसल्या, म्हणजे प्रत्येक मोठ्या खड्ड्यात शॉक तळाला आपटत होते. तिसऱ्या फेरीनंतर शॉकवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र आवाज होऊन उडून जायचा. एवढ्या उष्णतेने आतले तेल पातळ होते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉक धक्का जिरवायचे सोडून देतो. गाडीची मागची बाजू तरंगू लागते.

मोजून पाहिले तेव्हा मागचे शॉक उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश कललेले निघाले. त्या कोनात शॉक आपल्या ताकदीच्या जेमतेम पाऊण भागानेच चाकाला आवरतो. चेसीवर नवे ब्रॅकेट वेल्ड करून आम्ही ते जवळजवळ उभे केले आणि जाड नळीचे, गॅस भरलेले शॉक घातले. पाट्यांपैकी एक आखूड पाटा काढला, उरलेल्यांमध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस लावले. इंजिन जसेच्या तसे असताना त्याच रस्त्यावरची आमची वेळ १ मिनिट ५२ सेकंदांवरून १ मिनिट ४६ सेकंदांवर आली. ज्या सकाळी हा आकडा वहीत लिहिला, त्या सकाळचा आनंद मला कुठल्याही चषकापेक्षा मोठा वाटतो.

माझा मामेभाऊ को-ड्रायव्हर म्हणून शेजारी बसतो. आधी इंग्रजीत लिहिलेले पेसनोट्स (पुढच्या वळणांची वाचून दाखवायची टिपणे) त्याच्या तोंडात अडखळायचे, म्हणून आम्ही ते मराठीत केले. “डावं तीन, कापू नको, ऐंशी, चढ, माथ्यावर उजवं पाच.” एक म्हणजे सर्वांत आवळ वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ, आणि ऐंशी म्हणजे पुढच्या वळणापर्यंतचे मीटर. धुळीत समोर काहीच दिसत नसताना त्याच्या आवाजावर विश्वास ठेवून ब्रेकवरून पाय काढता येणे, हे शिकायला मला गाडी सुधारण्याहून जास्त वेळ लागला.

दुसऱ्या रॅलीत आम्ही सगळ्या स्टेज पूर्ण केल्या. पाटे शाबूत राहिले. प्रत्येक सर्व्हिसला (दुरुस्तीच्या थांब्यावर) मी स्वतः गाडीखाली जाऊन टॉर्क रेंचने यू-बोल्ट तपासले. शेवटच्या लांब उतारावर मात्र ब्रेकचे पेडल मऊ पडून खाली जाऊ लागले. ब्रेक ऑइल जुने होते आणि त्यात पाणी शोषले गेले होते. डॉट ३ दर्जाचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते, आणि त्या उतारावर आम्ही ती नक्कीच ओलांडली असणार. आता डॉट ४ भरायचे, पुढच्या डिस्कवर वारा जाईल अशी नळी बसवायची, आणि ते झाले की शेताच्या रस्त्याचा उतार पुन्हा वही घेऊन मोजायचा, असे मामेभावाशी ठरले आहे.