हिरव्या पाण्याचे आठ महिने

फेब्रुवारीत हौद बांधून पाणी भरलं, तेव्हा तळाची पांढरी खडी एकेक मोजता येत होती. होळीला मासे सोडले. पुढे पंधरा दिवसांनी पाडव्याला पाहुणे आले, तर त्यांना मासे दाखवण्यासाठी मुलाला खाणं टाकून वाट बघत बसावं लागलं. पाणी मुगाच्या कढणासारखं झालं होतं. वर येणारी केशरी तोंडं तेवढी दिसायची, बाकीचा मासा मानायचा.

आमचं घर कराडच्या बाहेर, तीन बाजूंना ऊस. परसात दहा फूट लांब, सहा फूट रुंद, अडीच फूट खोल असा हौद. दीडशे घनफूट, म्हणजे साधारण सव्वाचार हजार लिटर. गवंडी अनुभवी होता. सिमेंटचा चुना उतरावा म्हणून त्याने केळीचे खुंट टाकून ठेवायला लावले, दोनदा पाणी बदलायला लावलं. त्यात बारा गोल्डफिश आणि सहा कोई सोडले. ‘एवढ्या पाण्यात अठरा मासे म्हणजे काहीच नाहीत,’ असं मासे विकणाऱ्याने सांगितलं होतं. तो मासे विकत होता, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच केला. पाणी उपसून टाकलं, भिंती खराट्याने घासल्या, बोअरचं ताजं पाणी भरलं. चार दिवस काच. आठव्या दिवशी हिरवट छटा, बाराव्या दिवशी परत कढण. पुन्हा उपसलं, पुन्हा तेच. आमच्या ह्यांनी बोअरच्या मोटारीच्या बिलाचा विषय काढला आणि तो उपाय थांबला.

मग तुरटी. लहानपणी पावसाळ्यात गढूळ पाण्यात आई तुरटीचा खडा फिरवायची, ते डोक्यात होतं. थोडी विरघळवून टाकली. सकाळी खरोखरच हिरवा गाळ तळाला बसलेला आणि वर पाणी नितळ. मी फोटो काढून बहिणीला पाठवले. पण गाळ खालीच होता, मासे त्यात तोंड खुपसत होते, आणि आठवडाभरात सगळं पुन्हा वर आलं. एका व्हिडिओत परदेशी बाई जवाचा पेंढा पाण्यात सोडायला सांगत होत्या. जव इथे कुठून आणणार? मी भाताचा पेंढा पोत्यात भरून सोडला. पाणी हिरव्याचं तपकिरी झालं, शिवाय वास. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

चौथा उपाय महागात गेला. दुकानातून शेवाळ मारायच्या औषधाची बाटली आणली. बाटलीवर लिहिलेलं माप नीट मोजून, एका संध्याकाळी सगळं औषध एकदम टाकलं. दुसऱ्या दिवशी पाणी राखाडी हिरवं, वर फेस. मला वाटलं, काम होतंय. त्याच्या पुढच्या पहाटे पाच वाजता सासूबाई फुलं काढायला परसात गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, “अगं, मासे बघ कसे करतायत!”

सगळे मासे पृष्ठभागाला तोंड लावून आ वासत होते. मुलगा आणि मी बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत राहिलो, उजाडेपर्यंत. हात भरून आले. तरी चार गोल्डफिश आणि सगळ्यात मोठा कोई गेला.

झालं काय होतं ते नंतर समजलं. हिरवं पाणी म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशी शेवाळाची दाटी. उन्हात ते प्राणवायू सोडतं. रात्री मात्र स्वतःच तो वापरतं, म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मी ते सगळं शेवाळ एकदम मारलं. मेलेलं शेवाळ कुजायला लागलं, कुजवणाऱ्या जिवाणूंनी उरलासुरला प्राणवायू ओढला. मोठ्या माशाला जास्त लागतो, तो आधी जातो. औषध टाकायचंच होतं तर एका भागात थोडं, मध्ये दिवस सोडून, आणि हवेचा पंप चालू ठेवून टाकायचं. पण ही अक्कल पाच मासे पुरल्यावरची.

त्याच आठवड्यात ह्यांचे मामा आले. खटाव तालुक्यात त्यांचं शेततळं आहे, त्यात रोहू आणि कटला. मी त्यांना कौतुकाने नव्हे, रडगाणं म्हणून हौद दाखवला. मामांनी बाही वर सारली आणि पाण्यात हात घातला.

“सूनबाई, आम्ही असं पाणी व्हावं म्हणून शेण टाकतो, सुपर फॉस्फेट टाकतो. हात कोपरापर्यंत बुडाला की तळवा दिसेनासा व्हावा, एवढं हिरवं आम्हाला पाहिजे असतं. तुझा तळवा तर मनगट बुडायच्या आत गेला.”

“पण मी कुठे शेण टाकलंय?”

“टाकलं असशील. बघ जरा.”

ते हौदाभोवती फिरले आणि मला एकेक दाखवत गेले. हौदाचा काठ जमिनीच्या बरोबरीने होता. शेजारच्या गुलाबाच्या वाफ्याला मी शेणखत घातलं होतं आणि पाइपने पाणी दिलं की जास्तीचं पाणी सरळ हौदात. माशांना तीन वेळा खाणं, वर सासूबाई येता-जाता चपातीचे तुकडे टाकणार. अठरा माशांची घाण. आणि दुपारी बारा ते पाच डोक्यावर ऊन, वर झाडाची एक फांदी नाही. “पाण्यात खायला आहे म्हणून ते आलंय. तू त्याला मारत बसलीस, पण ताट तर वाढलेलंच ठेवलंस की.”

नंतर मी पाणी तपासायचा किट मागवला. हौदाचं पाणी तपासलं आणि सहज म्हणून बोअरचंही तपासलं. बोअरच्या ताज्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा 45 आहे. तीन बाजूंच्या उसाला पडणारा युरिया डोळ्यांसमोर आला. म्हणजे मी दर वेळी पाणी बदलत होते, तेव्हा शेवाळाला ताजं जेवण घालत होते! (आम्ही पिण्यासाठी नळाचं पाणी वापरतो, तरी त्या दिवशी बोअरच्या पाण्याकडे दोनदा बघितलं.)

मे महिन्यापासून वेगळ्या क्रमाने काम सुरू झालं. काठावर विटांचा एक थर चढवला, वाफ्याचं पाणी थांबलं. उरलेले पाच कोई एका ओळखीच्यांच्या मोठ्या तळ्यात सोडले. कोई हात-दीड हात वाढतो, तो आमच्या हौदाचा मासा नव्हेच. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. यात खरी वाटाघाट सासूबाईंशी होती, कारण माशांना खायला घालणं हे त्यांच्या लेखी पुण्य. शेवटी ठरलं की सकाळचं ते एक चमचा खाणं त्यांनीच घालायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पुण्य सगळं त्यांना आणि चपाती गाईला.

मग गाळणी. निळा 200 लिटरचा ड्रम, त्यात खाली स्पंजाचे थर, वर भांडी घासायच्या नायलॉनच्या काथ्या, घाऊक बाजारातून आणलेल्या. तासाला 2000 लिटर ओढणारा 40 वॅटचा पंप चोवीस तास चालतो, महिन्याला साधारण 29 युनिट. काथ्यांवर जे जिवाणू वस्तीला येतात, ते माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. एक चूक मी इथेही केली: पहिल्यांदा स्पंज नळाखाली चकाचक धुतला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, जिवाणू गेले, वस्ती पुन्हा शून्यापासून. आता स्पंज हौदाच्याच बादलीभर पाण्यात खळबळते आणि ते काळं पाणी गुलाबाला घालते.

पण माझ्या लक्षात आलं की या सगळ्याच्या शेवटी उरतं ते नायट्रेटच. मासे सुखी झाले, शेवाळही सुखीच. ते नायट्रेट खाणारं दुसरं कुणीतरी हवं होतं.

माझं आजोळ कुंभार्ली घाट उतरून खाली, चिपळूणजवळ. आजीच्या न्हाणीच्या मागे सांडपाणी जायचं तिथे कर्दळी आणि अळू माजलेलं असायचं. घरभराच्या आंघोळीचं पाणी त्या झाडांत शिरायचं आणि पलीकडे डबकं, चिखल काही नसायचं. त्याला कुणी गाळणी म्हणत नव्हतं. मामांचं ‘ताट’ डोक्यात घोळत असताना एका रात्री ते न्हाणीमागचं अळू आठवलं आणि मी उठून बसले.

हौदाला लागून सहा फूट बाय दोन फूट, एक फूट खोल असा विटांचा वाफा बांधून घेतला, आतून गिलावा. तळाला भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, त्यावर मोठी खडी, वर बारीक खडी. माती चिमूटभरही नाही. ड्रममधून आलेलं पाणी तळाच्या पाइपातून शिरतं, खडीतून वर चढतं आणि कडेच्या खाचेतून परत हौदात पडतं. त्यात कर्दळ, अळू आणि कडेला वाळा लावला. मुळांची माती स्वच्छ धुऊन लावायची, नाहीतर तीच माती हौदात. पहिले दोन आठवडे कर्दळीची पानं पिवळी पडली आणि ह्यांनी ‘विटा परत घेतील का?’ असं विचारूनही टाकलं. तोवर पाऊस लागला, आणि जुलैच्या शेवटी कर्दळ माझ्या खांद्याला लागली. पाऊस तसा आणखी एका प्रकारे उपयोगी पडला. पन्हळीला पाइप जोडून पागोळीचं पाणी हौदात घेतलं, रोज थोडं थोडं. बोअरचं नायट्रेट त्यात नाही.

मुलाला एवढा धीर नव्हता. जूनमध्ये त्याने हट्टाने 11 वॅटचा यूव्ही दिवा आणवला. पाणी बंद नळीतल्या दिव्याजवळून जातं, शेवाळाच्या पेशी मरून एकमेकींना चिकटतात, गाळणीत अडकतात. नऊ दिवसांत तळाची खडी दिसली! खोटं कशाला बोलू, वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस तो होता. पण नायट्रेट तिथेच होतं, तेव्हा तीन आठवड्यांत भिंतींवर लांब केसांसारखं शेवाळ वाढलं. ते दिव्यासमोर जातच नाही, तर मरणार कसं? खडबडीत काठीवर शेवयांसारखं गुंडाळून काढायचं आणि जास्वंदीच्या बुंध्यात टाकायचं, एवढंच. ऑगस्टमध्ये, कर्दळ फुलायला लागली तसं ते आपोआप विरळ झालं. दिवा आता कपाटात आहे.

उन्हासाठी कुमुदाची एक कुंडी हौदात ठेवली, तिची पानं जवळजवळ निम्मं पाणी झाकतात. पुढच्या उन्हाळ्यासाठी पश्चिमेकडे 50 टक्क्यांची शेडनेट बांधायची आहे. एकांनी प्रेमाने जलपर्णीही दिली होती. काम चोख करते, पण महिन्यात सगळा हौद गिळला. काढून खतात टाकली. ओढ्यात टाकू नका, कृष्णेत ती आधीच पुरेशी आहे.

अळू जोरात आहे. सासूबाई त्याचं फदफदं करायला तयार नाहीत, “माशांच्या घाणीवरचं आहे ते.” आजीचं अळू कशावर वाढायचं हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

दिवाळीला मामा आले. ऑक्टोबरचं ऊन सोसून पाणी तसंच होतं. त्यांनी कुणी न सांगता बाही वर सारली, पार खांद्यापर्यंत. हात बुडवला, बोटं हलवली, पाचही दिसत होती. एक गोल्डफिश येऊन नखाला टोचून गेला.

मामांनी हात झटकून पंचाला पुसला. “छान आहे,” म्हणाले, “पण आमचा रोहू उपाशी मरेल बघ यात.”