'पुरी पाठवा' म्हणजे नक्की किती?

लग्नाची पंगत रंगात आली की एक वाढपी भटारखान्याच्या दाराशी येऊन ओरडतो, "पुरी पाठवा!" किती, कुठल्या ओळीला, संपली की संपत आली, काही पत्ता नाही. दोन मिनिटांनी दुसरा तेच ओरडतो, मग तिसरा. आचारी तिघांसाठी घाणे काढतो. पंगत उठते तेव्हा टोपलीत शंभरेक पुऱ्या गार पडलेल्या असतात आणि पुढच्या पंगतीला त्याच वाढल्या जातात.

आता हिशोब पाहा. पानामागे सरासरी 4 पुऱ्या धरल्या तर 100 पानांना 400. मोठ्या कढईत एका घाण्यात 20-25 निघतात, घाणा दीड-दोन मिनिटांचा. म्हणजे एकाच कढईवर अर्धा तास गेला. कढया दोन हव्यातच, पण मागणीही वेळेवर हवी: टोपलीत तिसरा हिस्सा उरला की मागायची, तळ दिसल्यावर नाही. मसालेभाताला याहून जास्त वेळ लागतो. तांदूळ धुऊन निथळत ठेवलेले असले तरी फोडणीपासून वाफ मुरेपर्यंत पाऊण तास धरावा. त्यामुळे भाताचं पातेलं निम्म्यावर आलं की लगेच आत कळलं पाहिजे. कोशिंबिरीला पाणी सुटू नये म्हणून मीठ-दही ऐनवेळी घालतात, तिला दहा मिनिटं आधी सांगितलं तरी चालतं. कशाला किती वेळ लागतो हे वाढप्यांना सकाळीच सांगून टाकावं. बहुतेकांना ते कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

आत-बाहेर बोलणारा माणूस मात्र एकच हवा. तो दाराशी उभा राहतो, हातात बादली घेत नाही. (इथेच चूक होते. गर्दी वाढली की मालक त्यालाच वाढायला पाठवतो.) वाढप्यांनी त्याला सांगायचं, त्याने मुख्य आचाऱ्याला. बोलण्यात तीनच गोष्टी: पदार्थ, ओळ, आकडा. "पुरी, तिसरी ओळ, साठ." आचाऱ्याने आकडा उलट म्हणायचा, "साठ पुरी, पाच मिनिटं." हे उलट म्हणणं सोडू नये, कारण बर्नरच्या आवाजात 'साठ' आणि 'आठ' सारखेच ऐकू येतात. वॉकीटॉकीचाही त्या गोंगाटात फारसा उपयोग नाही. दारावर एक पांढरा फळा लावून किती पानं उठली, किती बसली, काय संपत आलंय एवढं लिहिलेलं बरं.

पहिल्या पंगतीची वेळ मुहूर्तावर ठरवली की फसगत होते. मुहूर्त 12 वाजून 20 मिनिटांचा असला तरी मामा, आत्या, मावशी सगळ्यांना मंगलाष्टक म्हणायचं असतं. शेवटचं 'तदेव लग्नं' सुरू झालं की तेल तापवायला घ्यायचं. अक्षता पडून, हार घालून लोक पानावर येईपर्यंत पहिला घाणा तयार होतो. भटारखान्यात मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत, तेव्हा मांडवातल्या एकाने मिस्ड कॉल द्यायचा.

बुफेत ओरडा कमी असतो, पण काउंटरवरच्या मुलाला झाकण उघडून आत पाहायची सवय लावावी लागते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो विहिणीच्या पंगतीला. ती बसते शेवटी, रांगोळी-समया मांडून, उखाणे घेत. तोवर आत भांडी घासायला काढलेली असतात आणि जिलबीचा चुरा उरलेला असतो. ही पानं किती, हे आदल्या रात्रीच यजमानांकडून आकड्यात घ्यावं. जिलबी, भाजी, मठ्ठा पहिल्या पंगतीआधीच झाकणाच्या डब्यांत बाजूला काढून वर 'विहीण' लिहावं. पुरीची कणीक वेगळी ओल्या फडक्याखाली ठेवावी. आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाने स्वतः येऊन "विहिणी उठल्या" असं सांगेपर्यंत एक कढई उतरवायची नाही, खालचा बर्नर फक्त बारीक करायचा.