आधी रेघ शोधा, मग डिझेल भरा

मासे कुठे सापडतील याचा सल्ला देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा, पाण्याचं तापमान रंगांत दाखवणारा नकाशा आला की मी आधी रंगांची सीमा शोधतो. कोमट आणि गार पाणी भिडतं तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, साचतं. त्यामागे तारली, बांगडा, आणि त्यांच्या मागावर सुरमई. प्लवकातल्या हिरव्या रंगद्रव्याच्या, म्हणजे क्लोरोफिलच्या, चित्रातही तीच रेघ दिसली, तरच आम्ही रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघतो.

इन्कॉइसच्या सल्ल्यात बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली असते. आमचे तांडेलकाका, म्हणजे बोटीचे कप्तान, खोली वावांत सांगतात; एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. ढगांतून मात्र उपग्रहाला समुद्राची उष्णता दिसत नाही, आणि दिसते तीही फक्त वरच्या थराची! शिवाय रेघ प्रवाहाबरोबर सरकते. म्हणून तिथे पोचल्यावर काका पाण्याचा रंग, पाखरांचे थवे बघतात, मगच जाळं सोडतात. हा सल्ला मराठीतही मिळतो, तोही फुकट. प्रत्येक तांडेलानं तो बघावाच, असं मला मनापासून वाटतं.